मागच्या ओट्यावरची रेंज

१२ सप्टेंबर २०१०, भवरखेडा

पोचले बाई एकदाची! सकाळी अमरावतीहून निघालो. जीप गयासुद्दीनचाचांची. काल ईद झाली, म्हणून चाचीने माझ्यासाठी शिरखुर्म्याचा डबा दिला होता. तो मी परतवाड्यालाच संपवला. घाट हिरवागार. सेमाडोहला चहा घेतला, माकडांनी बिस्किटं पळवली. धारणीच्या पुढे मात्र रस्ता नुसता नावाला. शेवटी एक नाला, त्याच्यावर रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, आणि पलीकडे हे गाव. मला उतरवून चाचा लगेच माघारी गेले. आठवड्याने न्यायला येतील.

काम सोपं आहे. मागच्या नापिकीच्या वर्षांमुळे आमची संस्था या भागात शेतविहिरी खोदून देणार आहे. आधी असलेल्या विहिरींचं पाणी मोजायचं आणि रोजचे आकडे रोज अमरावतीला उत्तमराव साहेबांना मेल करायचे. साहेब हसत म्हणाले होते, आकडे आले नाहीत तर तू गावात नव्हतीस असंच धरीन.

धारणीतच मोबाइलची रेंज गेली, लॅपटॉपला लावलेल्या इंटरनेटच्या डाटाकार्डचा दिवाही विझला. म्हटलं, झालं आता! पण इथल्या विश्रामगृहाच्या मागे एक ओटा आहे, बाजूला दगडी फरशीने बुजवलेली जुनी विहीर. तिथे बसले आणि पाचही काड्या! आईला अकोल्याला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, जेवली का?

चौकीदार मोतीरामला आश्चर्य नाही वाटलं. तो म्हणाला, रेंज तिथं असतेच, पण टॉवर इकडे कुठेच नाही. "मी नाई बसत तिथं, बाई. तुमी बी कामापुरतंच बसा."

१४ सप्टेंबर

दोन दिवस मजेत गेले. दिवसभर विहिरी, मग ओट्यावर बसून मेल. लोक प्रेमाने बोलावतात. एका घरी ताजी मक्याची कणसं भाजून दिली. डाटाकार्ड अमरावतीच्या ऑफिसातसुद्धा इतकं वेगात चालत नाही. आज सहज फरशीवर हात टेकला. उन्हात असूनही बर्फासारखी थंड होती, आणि आतून बारीक गुणगुण येत होती. मधमाश्या असतील.

१५ सप्टेंबर

साहेबांचा मेल आला. शाळेमागच्या विहिरीचे आकडे वेळेवर पाठवल्याबद्दल शाबासकी.

मी शाळेमागच्या विहिरीवर गेलेच नव्हते. उद्याचं काम होतं ते.

१६ सप्टेंबर

सकाळीच त्या विहिरीत टेप सोडला. आकडा तंतोतंत तोच. माझ्या मेलच्या खात्यात तो मेल आहे. माझ्याच सवयीने लिहिलेला, शेवटी 'आपली, प्रणाली'. बहुतेक मीच आधी मोजून गेले असेन आणि विसरले असेन, अशी स्वतःची समजूत घालत होते. पण मी विसरत नाही.

संध्याकाळी आईशी बोलले. ती खुश होती. म्हणाली, सकाळी किती वेळ बोललीस, बरं वाटलं.

सकाळी मी टेप धरून उभी होते.

१७ सप्टेंबर

रात्रभर पाऊस झाला. रपटा पाण्याखाली. आता पलीकडे जाता येत नाही.

साहेबांना मेल केला, मला बरं वाटत नाही, पाणी उतरताच जीप पाठवा. लगेच उत्तर आलं. 'काम आवडलं हे वाचून आनंद झाला. जरूर आणखी थांब.' पाठवलेला मेल उघडून पाहिला. माझे शब्द नाहीत. मी मागितली होती सुटका, गेलं होतं कौतुक.

मोतीरामला दाखवलं. त्याने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. तो म्हणाला, आधी एक रस्ता मोजणारा आला होता, तोही इथंच बसायचा. तो गेला, जाताना मोतीरामनेच पाहिला. "पन त्याच्या बोलन्याचा आवाज अजून येते, बाई. ओट्यावरून." डाटाकार्ड काढून टाका म्हणाला. मी काढलं.

१८ सप्टेंबर

कार्ड बॅगेत आहे. मोबाइल बंद आहे.

दुपारी ओट्यावरून माझा आवाज आला. मी खोलीत, दाराआड. बाहेर मी आईशी बोलत होते. हसत होते. म्हणत होते, परवा येतेच आहे घरी.

धावत गेले. ओट्यावर कोणी नाही. फरशी बाजूला सरकलेली, हात जाईल इतकी.

१९ सप्टेंबर

मोतीराम माझ्याशी बोलत नाही. सकाळी चहा आणला नाही. मी हाक मारली, तो माझ्या आरपार पाहत झाडू मारत राहिला. मी त्याचा हात धरला. त्याने थंडी वाजल्यासारखे खांदे आवळले आणि —

पाणी उतरलं. जीपचा हॉर्न. चाचा!

नंतर —

चाचा आले होते. मी ओरडत पायऱ्यांकडे पळाले. जीपमध्ये आधीच कोणीतरी बसलं होतं. माझी ओढणी, माझी बॅग. तिने वळून पाहिलं. मीच होते. चाचांनी तिला विचारलं, "काय बेटा, सगळं घेतलं ना?" ती म्हणाली, हो.

जीप गेली. मोतीरामने हात हलवला, आणि माझ्या खोलीला कुलूप लावलं.

२० सप्टेंबर

चालत निघाले. रपटा ओलांडला. सरळ रस्ता, सागाची झाडं, एक वळण — आणि समोर मागचा ओटा.

पुन्हा निघाले. पुन्हा ओटा.

तहान लागत नाही. भूकही नाही. याचीच जास्त भीती —

बहुतेक २१

मोबाइल माझ्या हातात आहे. बंद होता. वाजतोय. आईचं नाव.

आई कुजबुजत बोलते आहे. ऐकता ऐकता लिहिते आहे, नाहीतर खरं वाटणार नाही मला. आई म्हणते, काल तू आलीस तेव्हापासून पाण्याचा घोट घेतला नाहीस. तुळशीपाशी गेली नाहीस. रात्रभर मोबाइल धरून बसलीस.

"पने, ही तू नाई. मले समजते. तू कुठं हायस, सांग."

सांगते आहे. भवरखेडा, आई, विश्रामगृह, मागचा ओटा —

आई म्हणते, आवाज येत नाही. मोठ्याने बोल.

ओरडते आहे. मोतीराम अंगणात आहे, तो मान वर करत नाही. फरशी सरकते आहे —

फोनमध्ये माझा आवाज. आईच्या मागून. "आई, कोणाचा फोन?"

आई रडत नाही. आई तिला म्हणते आहे, "तिथंच थांब. जवळ येऊ नको माह्या. आधी सांग, माही पोरगी कुठं —"

आई, दार उघड, बाहेर पळ, मी इथे आहे, मी इथे भव