जिन्यावरचं ताट

४ ऑक्टोबर

आज सामान पोचलं. टेम्पोभाडं पाचशे ठरलं होतं, ड्रायव्हर सहाशेवर अडून बसला; अर्धा तास हुज्जत घातली तेव्हा साडेपाचशेवर आला. हमाली दोनशे. कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ, डाळ, बटाटे, साबण मिळून चारशे बत्तीस. एक बशी फुटली, पण तिला आधीच चरा गेला होता, म्हणून ती नुकसानीत धरत नाही. शिलाई मशीन तेवढं गाडीत मावलं नाही, ते धाकट्या नणंदेकडे राहिलं.

घर मनासारखं आहे. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर एक मोठी खोली. वर जायला दोन जिने. एक स्वयंपाकघरातून, त्याला खाली दार आणि कडी आहे. दुसरा बाहेरून, फाटकाजवळून. टपालपेटी त्याच्याच कठड्याला ठोकलेली आहे. फाटकाशी झाड आहे, त्याची पिवळी पानं दिवसभर गळतात. झाडायला त्रास आहे, पण बघायला फुकट आहे.

साथीमुळे ह्यांचं गोदाम महिनाभर बंद. बावीस वर्षांत नवरा सलग इतके दिवस घरात राहणार, हे पहिल्यांदाच. हे म्हणाले, साथ गेली खड्ड्यात, आपण सुट्टी समजू. मी म्हटलं, देवाची कृपा. लोक आजारी असताना असं म्हणू नये, पण तोंडून गेलं.

लिहिताना माझं तोंड चालतं, ही लहानपणापासूनची खोड. मॅट्रिकच्या परीक्षेतही बाईंनी मला दोनदा गप्प केलं होतं. हे आत्ताच विचारून गेले, की लिहितेस की वाचून दाखवतेस?

७ ऑक्टोबर

मशीन आणायला हे काल सकाळी बहिणीकडे गेले होते. आज संध्याकाळी परतले, तेही हात हलवत. फाटकातच थांबले. तोंडावर डोळ्यांपर्यंत फडकं, टोपी कानांवर ओढलेली, कोटाला सगळीकडे पानं चिकटलेली. खोकले, लांब राहा म्हणून हातानं खूण केली आणि बाहेरच्या जिन्यानं वर जाऊन दार लावून घेतलं.

नियमच तसा आहे, ताप उतरेपर्यंत वेगळं राहायचं. तरी राग आला. मशीनला काय पाय फुटत होते? साथीत जाऊ नका म्हणून सांगून माझं तोंड दुखलं. बायकोचं ऐकलं तर कमीपणा येतो ना!

ताट आतल्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलं, दार वाजवलं आणि खाली आले.

९ ऑक्टोबर

ताट परत येतं ते लख्ख. घासायची लाज वाटावी इतकं. ह्यांची सवय चार घास टाकायची. बावीस वर्षं मी कानीकपाळी ओरडले, ते दोन दिवसांच्या तापानं साधलं.

घसा पार बसलाय. नुसतं हूं म्हणतात. मी दुपारी दाराबाहेर पायरीवर उसवलेल्या उशा शिवत बसले आणि बोलत राहिले. आईचा निळा स्वेटर ह्यांनी उसवून पोतं शिवायला लोकर घेतली होती, ते आठवलं. सांगितलं. हूं म्हणाले.

पायऱ्यांवर वाळलेली पानं होती, झाडली. बंद जिन्यात येतात कुठून, कोण जाणे.

१२ ऑक्टोबर

आज हे आपण होऊन म्हणाले, तुझ्या आईचा निळा स्वेटर मी उसवायला नको होता.

मी सुई टोचून घेतली बोटात. बावीस वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून नको होता असा शब्द आलेला नाही.

आता रोज दुपारी अशीच बसते. बाहेर पानं गळतात, आत हे, मध्ये दार. कुठे जायचं नाही, कुणी यायचं नाही, एका पैशाचा खर्च नाही. अशी सुट्टी जन्मात घेतली नव्हती. दार मध्ये असलं की संसार इतका गोड होतो, हे ठाऊक असतं तर लग्नातच एक बसवून घेतलं असतं.

१५ ऑक्टोबर

आज सगळं बाहेर काढलं. माझ्या बांगड्या मोडून वन्संचं लग्न केलं, ते. मी तापानं फणफणत असताना ह्यांचा प्रश्न काय, तर भाजीत मीठ का नाही. मी पुस्तक उघडलं की वरून टोमणा, दिवा कशाला जाळतेस फुकट. आणि स्वतःची विडी काय झाडाला लागते? हे सगळं त्यांच्याच आवाजात करून दाखवलं मी, खेकसून.

आतून म्हणाले, आणखी सांग.

सांगितलं. सांगता सांगता इतकी पेटले की म्हटलं, तुम्ही तिकडेच राहिला असतात तरी चाललं असतं.

मग अगदी समाधानानं, जेवून ढेकर दिल्यासारखं, आतून आलं: चाललं असतं.

देवापुढे बसून क्षमा मागितली. पण मन लागलं नाही. खोकला कधी थांबला? मला आठवतच नाही.

१८ ऑक्टोबर

वन्सं आल्या. फाटकाबाहेरूनच सुरू झाल्या, की दादा मरणाच्या दारातून परत आला आणि बायको इथे सुट्ट्या उपभोगतेय. दोन कार्डं टाकली त्यानं, एका ओळीचं उत्तर नाही. शाई महागली का?

मी काय ऐकून घेणार? म्हटलं, तुमचा दादा वर बसलाय, दोन वेळा ताट चाटून खातोय, आणि कार्डं कसली, घरातल्या घरात?

त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, वहिनी, दादा सहा तारखेला संध्याकाळी माझ्या दारातच कोसळला. तेव्हापासून आमच्याकडच्या साथीच्या दवाखान्यात आहे. काल मी काचेतून बघितलं, उशी टणक आहे म्हणून माझ्यावरच खेकसत होता. परवा सोडणार आहेत.

मी खोटारडी म्हटलं त्यांना. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. बाईचा. माझा.

तुम्ही तिकडेच राहिला असतात तरी चाललं असतं.

ओठ तर माझे मिटलेले होते. वन्संनी ते पाहिलं. त्यांची पिशवी हातातून पडली. फाटकही लावलं नाही. पळाल्या. मी मागून ओरडत राहिले, की थांबा, मला एकटीला टाकून — थांबल्या नाहीत.

१९ ऑक्टोबर

जिन्याच्या खालच्या दाराला कडी घातली. ट्रंक लावली. खिडक्या बंद. दिवसा दिवा.

ताट ठेवलं नाही. ह्यांची कार्डं बाहेरच्या जिन्यावरच्या पेटीतच पडली असणार; तिकडे जायची हिंमत नाही.

आठवून बघतेय. तो जे जे बोलला ते सगळं माझं. आधी मीच दिलेलं. ह्यांचा आवाजसुद्धा मी करून दाखवला तेव्हापासून सुधारला. एवढ्या वर्षांत माझं कुणी नीट ऐकलं, तर ते — ते वरचं.

रडू येत नाही. संताप येतो. कुणावर काढू?

जिन्याच्या दाराखालून पानं येताहेत. झाडत नाही.

२० ऑक्टोबर, दुपार

पुढचं दार वाजतंय.

अगं उघड, म्हणतात. भर दुपारी दिवा कशाला जाळतेस फुकट, म्हणतात.

हेच. ह्यांचंच. पण हे वाक्यही मी पायरीवर बसून सांगितलंय. आणि बाहेरचा जिना मोकळाच आहे, वरचं कुणी उतरून पुढच्या दाराशी —

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. पायरीवरही नाही. वीस वर्षांपूर्वी बाळंतपण करून रिकाम्या हातांनी परत आलो, त्या दिवशी बसमध्ये हे मला काय म्हणाले. तेवढंच विचारते. चिठ्ठी लिहिली. भीतीनं माझाच गोंधळ नको म्हणून उत्तर इथे मांडून ठेवते — खिडकीशी तू बस. एवढंच म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी आजवर —

चिठ्ठी पुढच्या दाराखालून सरकवली.

बाहेरून — कुठली बस? डोकं फिरलंय का तुझं? पायात त्राण नाही माझ्या, उघड आधी.

आठवत नाही.

जिन्याच्या दाराआडून, हळूच, गोड — खिडकीशी तू बस.

तोंड चालत होतं माझं. लिहिताना.

म्हणजे कळलं. विसरले ते हेच. बाहेरचे हेच, खरे. देवा, कळलंय मला. मग हात का उचलत नाही —

कुठली बस, म्हणतो. कुठली बस! माझं मूल त्या दिवशी — आणि हा —

पुन्हा म्हणतंय ते. खिडकीशी तू बस.

हात कडीवर आहे माझा. पुढच्या दाराच्या नाही. ट्रंक कुणी सरकवली? मीच?

दुसरी चिठ्ठी सरकवतेय, पेन्सिलही देतेय. अहो, आठवा. एवढं एक आठवा. उभं राहवत नसेल तर उंबऱ्यावर बसून लिहा. खेकसू नका, लिहा. उलट टपाली कळवा, आत्ताच्या आत्ता, नाहीतर मी ही कडी