गोजराबाईंची कमान

नाशिक,
८ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सुवर्णाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून येवल्याला हे पत्र. आमच्या विद्यापीठातल्या चौकशी खिडकीवरच्या गोजराबाई दिवाळीनंतर गेल्या. गुणपत्रिकेत नाव चुकलं म्हणून पेठ-सुरगाण्याहून एसटीने पोरं यायची. बाई त्यांचा अर्ज स्वतः तपासायच्या, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन सही घेऊन यायच्या.

आता त्यांचं स्मारक करायचंय. समितीचे अध्यक्ष आमचे अधीक्षक खैरनारसाहेब. बाई जिवंत असताना ह्यांनी त्यांची रजा कधी वेळेवर मंजूर केली नाही. आता प्रत्येक सभेत साहेबांचा गळा दाटून येतो. स्मारक काय असावं यावर दहा मिनिटं बोलणं झालं, निमंत्रणपत्रिकेवर फोटो कोणाकोणाचे यावर दीड तास. ठरली संगमरवरी कमान, तीही पुढच्या फाटकाला. तिथून साहेबलोकांच्या गाड्या जातात. पोरं मागून, स्टॉपकडून येतात.

वर्गणी मात्र मी गोळा करतेय. पोरं बाईंचं नाव ऐकताच देतात. मला लाज वाटते. मामींना नमस्कार.

तुमची,
सुवर्णा

येवला,
१५ जानेवारी

चि. सुवर्णास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी मामी हसली, मी नाही हसलो. चाळीस वर्षं शाळेत काढली. असली रडकी तोंडं शाळेच्या प्रत्येक शोकसभेत पाहिली आहेत. त्यांचं सोड. लोकांनी पैसे खैरनारांच्या नव्हे, तुझ्या तोंडाकडे बघून दिले. मला चार पानं लिहून उपयोग काय? हेच सभेत बोल. नाहीतर त्यांच्यात आणि तुझ्यात फरक एवढाच, की तुझं अक्षर बरं आहे.

राग आला तर येऊ दे, पण उत्तर धाड.

तुझा,
मामा

नाशिक,
२० एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

राग आला होता. दोन दिवस तुमचं पत्र पुन्हा हातात घेतलं नाही. मग सभेत बोलले. म्हटलं, खिडकीपुढे पोरं उन्हात उभी राहतात, तिथे शेड आणि बाकं करा. साहेबांनी विचारलं, पत्र्याच्या शेडला कोणी स्मारक म्हणतं का? सगळे हसले. आठवड्यात माझी बदली रेकॉर्ड रूमला झाली.

तिथे धूळ होती आणि वेळही. पावत्यांवरून पत्ते काढून वर्गणी दिलेल्या प्रत्येकाला मी कळवलं, पैसा कमानीत जातोय. बहुतेकांनी कुलसचिवांना लिहिलं, शेड करा, नाहीतर पैसे परत द्या. कमान बारगळली. बाईंनी एकेकाळी ज्याचा अर्ज मार्गी लावला होता तो सनी अंबडला लोखंडी फॅब्रिकेशन करतो, त्याने शेड उभारून दिली.

काल उद्घाटन होतं. साहेब पहिल्या रांगेत, भाषण खिशात, जणू शेड त्यांनाच सुचली. बाईंचे यजमान नाथाभाऊ मखमलाबादहून आले होते. भाजीचा मळा करतात, विद्यापीठात प्रथमच पाऊल टाकलं. शेडखाली पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि तिथेच पोरांची रांग होती. साहेबांनी शिपायाला सांगितलं, ह्यांना तासभर बाजूला काढा, पाहुण्यांना जागा करा.

नाथाभाऊ एवढंच म्हणाले, “पोरांचं काम होऊ द्या. आम्ही थांबतो.”

आणि ते जाऊन उन्हात उभे राहिले. मग कुलसचिव उठले, पाठोपाठ सगळ्यांना उठावं लागलं. सुटाबुटातली सगळी समिती एप्रिलच्या उन्हात, आणि पोरं सावलीत. खिडकीवर बाईंच्या जागी आलेल्या पिंकीने घाई केली नाही, एकेक अर्ज नीट वाचला. प्रमुख पाहुणे कंटाळून निघून गेले. साहेबांचं भाषण खिशातच घामाने भिजलं.

शेवटच्या मुलीला शिक्का मिळेपर्यंत नाथाभाऊ तिथेच होते. जाताना तिने त्यांना विचारलं, तुम्ही कोण. त्यांनी नाव सांगितलं नाही; गाडी कितीची आहे, तेवढं विचारलं.

असेच रागवत राहा, माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सुवर्णा