डाव्या बैलाचं नाव

बाबा, काल शंकरपट पाहून आले. सिंदेवाहीकडच्या एका गावात भरला होता. मधे बैलांच्या शर्यती बंद होत्या, आता पुन्हा सुरू झाल्यात. झेंडी पडली, धुरळा उठला, बायामाणसं टाचा उंचावून बघायला लागली, आणि मी मात्र प्रत्येक जोडीतला डावीकडचाच बैल बघत होते. पन्नाशी उलटली तरी ती खोड गेलेली नाही. मला अजून त्या बैलाचा राग येतो. राग हा सभ्य शब्द झाला, मी त्याच्यावर जळते.

आणि का जळू नये? तुम्ही गोदावरीपलीकडून इकडे आलात तेच पटाची छकडी हाकायला. सावली गावच्या पाटलाला मनासारखा गडी मिळेना, म्हणून त्यानं तुम्हाला तिकडून आणवलं. मग आईशी लग्न झालं, तुम्ही इथलेच झालात, तरी गावाच्या तोंडी शेवटपर्यंत 'तेलंगी'च राहिलात. घरात तुम्ही आमच्यासारखंच बोलायचात, जरा अडखळत. एकदा चुलीपाशी बसून मी हट्ट धरला, मला तुमची भाषा शिकवा. आई भात वेळत होती. तुम्ही म्हणालात, "तुले इथीच राहाचं हाय. इथचं बोल. मले हासतेत, तसं तुले नाई हासले पायजे." आईनंही मान डोलावली. विषय संपला. आणि जेवण झाल्यावर तुम्ही गोठ्यात गेलात, डाव्या बैलाच्या कानाशी लागून बराच वेळ तेलुगूत बोलत बसलात. त्याला बरी चालत होती तुमची भाषा.

त्याचं नाव नान्ना. छकडीवर पाय रोवून तुम्ही ओरडायचात, "पद नान्ना, पद." चल नान्ना चल, एवढं मला अंदाजानं कळायचं. उजव्या बैलाच्या वाट्याला नुसतं हॅत-हॅत.

पुढे एका पटात छकडी उलटली, तुमचा गुडघा गेला आणि हाकणं संपलं. दुसरा एखादा शेतीकडे वळला असता, धानाच्या बांधीत उतरला असता. तुम्ही पटाचे बैल विकायला लागलात. हल्ली चंद्रपुरात कोळशावाल्यांची पोरं ती जमिनीला टेकलेली, बोंबलणारी मोटार बघायला जातात ना, तसे तेव्हा राइस मिलवाले आपल्या अंगणात यायचे. तुम्ही बैलाच्या पाठीवर थाप मारून सांगायचात, "धावन्याचं मी सांगतो, थांबन्याचं तुमी पाहून घ्या. याले बिरेक नाई." लोक हसत आणि जोडी घेऊन जात. मग नवी जोडी यायची आणि तिच्यातल्या डाव्याचंही नाव नान्नाच. मला वाटायचं, पहिल्यावर इतका जीव की तुम्हाला नावसुद्धा सोडवत नाही. माझ्या नावाची तुमच्या जिभेवर नेहमी गाडी अडायची, म्हणून तुम्ही मला नुसतं 'बाई' म्हणून भागवलंत.

माझं लग्न झालं त्याच आठवड्यात एक जोडी नागभीडकडे गेली. मला निरोप देताना तुम्ही म्हणालात, "जाय बाई, सांभाळून राह्य." बैलाच्या मात्र गळ्यात पडून रडलात म्हणे, "पो नान्ना, पो", जा नान्ना जा, करत. आईनं हे हसत सांगितलं. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये नवरा पाळीवरून येईपर्यंत मी त्या बैलावर जळत बसले. नव्या नवरीला सवत नव्हती, बैल होता.

मग तो चंद्रपूरचा दवाखाना. दुपारची वेळ, मी तुम्हाला चमच्यानं पेज भरवतेय. तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, "नान्ना."

"नान्ना नाई इथी, बाबा. इकला न तुमी त्याले."

तुम्ही हसता की ठसका लागतो, कळत नाही. पुन्हा म्हणता, "नान्ना," आणि माझं मनगट धरता. मी ते धरू देते, पण मनात म्हणते, शेवटीसुद्धा तोच.

यंदा शेजारच्या क्वार्टरमध्ये सिरोंच्याकडचं, घरात तेलुगू बोलणारं कुटुंब राहायला आलंय. परवा त्यांची रांगती नात पायरीवरून घसरली. आजी धावली आणि "नान्ना, नान्ना" करत तिला उचलून घेतलं. मी विचारलं, "पोरीले बैलाचं नाव काऊन ठेवलं वो?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बैलाचं कायचं, बाई? नान्ना म्हंजे बाप. आन् लेकराले लाडानं आमी तेच म्हन्तो. पोरगा असो का पोरगी."

म्हणजे ते नाव नव्हतंच. तुम्ही त्या बैलांना लेकरू म्हणत होतात. मी इतकी वर्षं जळले ते काही चुकीचं नव्हतं, बाबा. म्हणून तर काल पटाला गेले, कोणी तसं म्हणतं का ऐकायला. कोणी म्हणालं नाही.

आणि दवाखान्यातली ती हाक? ती माझी असेल. नदीपलीकडच्या तुमच्या बापाचीही असेल. किंवा खरोखर बैलाची. शेजारीण म्हणते, मनगट कोणाचं धरलं ते बघ ना. मी ठरवून टाकलंय की हाक माझीच होती. हे पत्र टाकायला जागा नाही, असती तरी मी टाकलं नसतं. तुम्ही साधे माणूस, विचारलं की खरं सांगून मोकळे झाला असता, आणि त्यात बैल निघाला असता तर मला ते सोसलं नसतं.