पाण्याआधीची खबर

मेर्सा, ४ ऑगस्ट

प्रिय हसना,
सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि. इथे डोंगरावर रात्रीपासून मुसळधार कोसळतोय. तुमच्याकडे आभाळ निरभ्र असणार, आणि तेवढ्या पुराव्यावर आमचे विद्वान दाजी नदीच्या कोरड्या पात्रात शेळ्या घेऊन निर्धास्त बसले असणार. हुमेददाजींना सांग, नदी आभाळाला विचारून येत नाही. वाळूतल्या झिऱ्यात मोमिनाला उतरवू नका. लहानखुरी म्हणून उपसायला नेहमी माझी भाचीच सापडते!

पत्र ट्रकवाला सडकेवर गड्डोकाकांना देईल. काका सज्जन आहेत. फक्त संक्षेप हा शब्द त्यांच्या कोशात नाही.

लोभ असावा, आणि तो उंच काठावर बसून असावा.
तुझा भाऊ, यायो

नदीकाठ, ५ ऑगस्ट

प्रिय यायोदादास,
सलाम. वि. वि. पाणी उतरल्यावर पत्र हाती आलं.

काल दुपारी गड्डोकाका पलीकडून पात्रात उतरले. मी अलीकडच्या काठावर होते. हे मधोमध, आणि मोमिना झिऱ्यात. तिने वर फेकलेली वाळू तेवढी दिसत होती. काका आणि हे समोरासमोर टेकले आणि दागू सुरू झाला, वाटेवरच्या सगळ्या खबरा एकमेकांना सांगण्याचा. वाटसरूची खबर मधे तोडणाऱ्याला आपण माणसांत धरत नाही. काकांनी आधी सुनेचं बाळंतपण सांगितलं, मग उंटाचं लंगडणं. तुझा पाऊस सगळ्यांत ताजा, म्हणून रीतीप्रमाणे सगळ्यांत शेवटी. हे माना डोलवत होते.

इतक्यात शेळ्यांनी कान टवकारले. वरच्या वळणामागे घरघर सुरू झाली. मी ओरडले, तर यांनी हात वर करून बजावलं, की गप बस, काका बोलतायत. दादा, मग मी दगड उचलला आणि काकांच्या पाठीत घातला. दोघं चवताळून उठले, मला शिव्या द्यायला. उठले म्हणून त्यांना पाणी दिसलं.

मग नुसता गढूळ लोंढा, त्यात खोडं, त्यात आपल्या शेळ्या. झिऱ्याची जागाही ओळखू येईना. मी मोमिनाला हाका मारत होते, त्या मलाच ऐकू येत नव्हत्या. लोंढ्याने उडवलेला धुरळा बसला तेव्हा पलीकडे तिघं दिसली. पोर यांच्या मांडीवर, वाळूने माखलेली. आणि काका हातवारे करत उरलेली खबर पुरी करत होते.

निम्म्या शेळ्या गेल्या. काका माझ्याशी बोलत नाहीत. शुक्रवारी पंच माझ्या दगडाचा न्याय करणार आहेत. जाईन मी, मोमिनाचा हात धरून.

लोभ करतोसच, शुक्रवारी जरा जास्त कर.
तुझी हसना