दुकानातच राहिलेला ओव्हन

कोपरी, ठाणे (पूर्व)
नोव्हेंबर १९९७

चि. उत्तम यास,

शालनताईचा सप्रेम जय भीम. आम्ही इकडे खुशाल आहोत. तूही मस्कतला खुशाल असशील, निदान हे पत्र उघडेपर्यंत. पाठ कशी आहे? मलम लावतोस ना? लाव. थोरल्या बहिणीने तब्येत विचारायची असते, ती विचारून झाली. आता तुझ्या मायक्रोवेव्ह ओव्हनबद्दल.

मे महिन्यात तू तो खोका घेऊन आलास तेव्हा अख्खी बिल्डिंग बघायला लोटलेली. तुझ्या दाजींनी टीव्ही खाली उतरवून त्याला टेबल दिलं, वर मी विणलेला रुमाल घातला. शेजारच्या मनुबाई तर चहा गरम करायला रोज आमच्याकडे यायला लागल्या (कप त्यांचा, चहा आमचा). मग पावसाळ्यात लाइटचा लपंडाव सुरू झाला आणि तुझ्या ओव्हनचं डोकं फिरलं. ते फिरलंय हे आम्हाला कधी कळलं, तर तुझ्या भाचीला, जयाला, बघायला कल्याणची माणसं आली तेव्हा!

मुलगा गणू, डोंबिवलीच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात आहे. त्याची आई आवडाबाई, ज्यांनी नुसतं बघितलं तरी आपला पदर आपोआप नीट होतो. आदल्या दिवशी मटण करून फ्रिजमध्ये ठेवलेलं. मी गॅसवर गरम करणार होते, पण दाजींचा हट्ट, की पाहुण्यांना मस्कतचा मेहुणा दिसला पाहिजे. भांडं आत ठेवलं, तेवढ्यात लाइट गेली आणि लगेच आली. दाजींनी ऐटीत बटण दाबलं. दिवा लागला, ताटली फिरली, आकडे उतरले, पीं पीं वाजलं. माझं मेलीचं चुकलं, भांड्याला हात न लावता मी तसंच कपड्याने धरून वाढलं. आवडाबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. अरे, रश्शावर चरबी थिजून साय धरलेली! "चव चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण माझे दात ठणकतात हो गारठ्याने." निघताना "कळवतो" म्हणाल्या. असं म्हणणारी माणसं काय कळवतात हे तुला सांगायला नको. जया सगळी भांडी घासत बसली, धुतलेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दाजींनी माजिवड्याहून काळुराम मेकॅनिकला आणला. त्याने आधी प्लगला दोष दिला, मग आमच्या वायरिंगला, आणि शेवटी म्हणाला, फॉरेनचा माल आहे मावशी, ह्याला इथलं पाणी मानवत नाही. उत्तम, ओव्हन पाणी पितो का रे?

रविवारी बेल वाजली, दारात गणू, एकटाच. मला वाटलं नकार घेऊन आलाय. (नकार द्यायला येणारा माणूस सोल्डरिंग गन आणत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.) खाली मान घालून म्हणाला, "मावशी, त्या दिवशी ओव्हनवर डेमो असा शब्द दिसत होता. बघू का जरा?" आता तुझे दाजी त्या शब्दाला कंपनीचं नाव समजत होते आणि "आमचा डेमोचा ओव्हन" असं कामावर सांगत फिरत होते, ते असो. गणूने पेलाभर पाणी आत ठेवून ओव्हन चालवला. पाणी थंड. दोन बटणं एकदम दाबून धरली, शब्द गेला, पाणी उकळलं. प्लग काढून पुन्हा लावला, शब्द हजर, पाणी थंड! मग झाकण खोलून, मीटर लावून त्याने सांगितलं, की दुकानात मांडून ठेवतात तेव्हा ओव्हन नुसता फिरून दाखवतो, तापत नाही. घरी आणल्यावर ते बंद करायचं असतं. तुझ्या ओव्हनच्या बोर्डावरची मेमरीची चिप खराब आहे. लाइट गेली की तो घर विसरतो आणि परत दुकानात जाऊन उभा राहतो.

म्हणजे शोकेसमध्ये फिरून फिरून म्हातारा झालेला ओव्हन तू सख्ख्या बहिणीच्या गळ्यात मारलास, आणि वर "ताई, लेटेस्ट मॉडेल!" लाज नाही वाटली? पुढच्या सुट्टीत ये आणि हा उचलून घेऊन जा. तोवर मला ताई म्हणायचं नाही.

तुझी,
शालनताई

ता. क. चिप इथे कुठेच मिळत नाही. गणू मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही फिरून आला. चिपचा नंबर पत्राच्या मागच्या बाजूला लिहिला आहे. तिकडे मिळते का बघ.

ता. क. २ मिळाली तरी पाठवू नकोस. गणू दर रविवारी ओव्हन बघायला येतो. गेल्या रविवारी तर झाकणही खोललं नाही, तो आणि जया दुपारभर ओव्हनसमोर बसून बोलत होती. परवा आवडाबाईही येऊन गेल्या, मटण मी गॅसवर गरम केलं, दोनदा मागून घेतलं त्यांनी. साखरपुडा जानेवारीत करू म्हणतात. त्याआधी चिप पाठवलीस तर याद राख.