मावशी, गुरुवारी तुझ्याकडे फुलं येतील

ती. अर्नेस्टीन मावशीस,
कॉर्डेलचा अलास्काहून, माशांच्या वासासकट, नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत (तू आधी तेच विचारतेस म्हणून आधी तेच लिहिलं). मासे डबाबंद करायच्या कारखान्यात सॅमन माशांचा हंगाम जोरात आहे. कॅन्टीनच्या भाताबद्दल लिहीत नाही, कारण हे पत्र तू चर्चमधल्या बायकांना वाचून दाखवशील.

आता मुद्द्याचं. पुढच्या गुरुवारी तुझ्या दारात फुलं येतील. वर 'शोकाकुल कुटुंबास' असं लिहिलेलं असेल. घरात तू एकटीच, तेव्हा शोकाकुल कुटुंब तूच. आणि शोक जिचा करायचा तीही तूच. रागावण्याआधी सगळं वाच.

फोनवर जाहिरात दिसली: कृष्णवर्णीय लेखकांसाठी लेखनाची कार्यशाळा, ऑनलाइन आणि फुकट. मी कसला लेखक (नववीत शाळा सोडली तेव्हा तू भिरकावलेली चप्पल अजून आठवते). पण इथे चार महिन्यांत आपल्यासारखा चेहरा मी फक्त आरशात पाहिलाय. म्हणून दर शनिवारी दुपारच्या सुट्टीत मी खोक्यांच्या कोठारात, रबरी कोट अंगात तसाच ठेवून, फोन डब्याला टेकवून बसायला लागलो. पडद्यावर पंधरा चौकोन, पंधराही आपली माणसं. कुणाच्या मागे टीव्ही चालू, कुणाची आई मध्येच डोकावून "जेवलास का रे?" विचारतेय. पहिले दोन शनिवार मी एक अक्षर लिहिलं नाही, नुसता ऐकत बसलो. पोट भरायचं.

तिसऱ्या शनिवारी मिस लुरीन (आमच्या बाई, डेट्रॉइटच्या) म्हणाल्या, घरच्या एका माणसाबद्दल लिहा. मला लिहिण्याचा एकच प्रकार ठाऊक. चर्चमधलं कुणी गेलं की अंत्यविधीच्या पत्रिकेत तू त्याच्याविषयी लिहितेस, तो. लहानपणी त्या पत्रिका मीच दुमडायचो ना! मग तसंच लिहिलं. 'सूर्योदय' म्हणून तुझी जन्मतारीख. तुझा टोमॅटोतला लाल भात, तुझं गाणं, पाद्रीबाबांना भर सभेत "बसा आता, लोकांना भूक लागलीय" म्हणालीस ते. 'सूर्यास्त' लिहिलं आणि पुढे मरणाच्या तारखेची जागा कोरी सोडली. शप्पथ, कोरी. पण मोठ्याने वाचताना कोरी जागा ऐकू येत नाही, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

मान वर केली तर सगळे डोळे पुसतायत. शिकागोचे मिस्टर हॉलिस (वय ऐंशी, एरवी वर्गात घोरतात) म्हणाले, "पोरा, त्या लाल भाताचा वास माझ्या स्वयंपाकघरात आला रे." तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, "कॉर्डेल, तू लेखक आहेस." मावशी, माझ्या लिहिण्याला आजवर कुणी बरंसुद्धा म्हटलेलं नाही. मी आभार मानून मोकळा झालो. त्यांनी फुलं धाडायला पत्ता मागितला, तोही दिला.

तेव्हापासून मासे पेट्यांत भरताना तुझ्या अंत्यविधीची गाणी कानात वाजतात, आणि ती मला नकोत. जिवंत माणसाची एवढी आठवण येते, हे कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

तुझा,
कॉर्डेल

ता. क. फुलं परत धाडू नकोस. कुंडीतली आहेत. पाणी घाल.

आणखी ता. क. खरं काम आता सांगतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमचा शेवटचा वर्ग, तुझ्याकडचे संध्याकाळचे सात. प्रत्येकाने घरचं एक माणूस बोलवायचंय. तू ये. चर्चमधली डेनीशा फोन लावून देईल. आधी मी सगळं कबूल करेन, मग तू जांभळी हॅट घालून चौकोनात ये. लोक किंचाळतील. मिस्टर हॉलिसना आधी धरून बसायला सांगतो. मग मला हवं तेवढं झाप, सगळ्यांसमोर झाप.

शेवटचा ता. क. पत्रिकेत शेवटी 'मागे कोण' अशी ओळ असते. तिथे मी 'एक भाचा' लिहिलेलं नाही. 'एक मुलगा' लिहिलंय. तेवढी ओळ वर्गात वाचली नाही. ती तुझ्यासमोरच वाचायची आहे.