धक्क्यावरचा दोर

१९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा. पुढे "इकडे सर्व ठीक" लिहायचं असतं, पण खोटं बोलून झालंय माझं, तेव्हा ते राहू दे.

वादळ मंगळवारी भर दुपारी आपल्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं. स्वयंपाकघराचे पत्रे उडाले, तुझी खोली मात्र जशीच्या तशी. तुझं नशीब कायमच भारी! आई शाळेत आसऱ्याला आहे, एका वर्गात पन्नास माणसं. घासभर खात नाही. बाबा अजून सापडलेले नाहीत. आज पाचवा दिवस.

काकांनी तुला फोनवर सांगितलंच असेल, की म्हाताऱ्यानं होडीचा दोर आखूड बांधला, वय झालं होतं. सगळा धक्का तेच बोलतोय. परवा काका आईसमोरही तेच म्हणाले आणि आईनं मान खाली घातली.

दादा, दोर बाबांनी बांधलाच नव्हता. मी बांधला.

तू भांडून गेल्यापासून होडीवर त्यांच्याबरोबर मीच असते. वादळ येणार असलं की दोराला ढील ठेवायची, पाणी चढलं की होडीला वर यायला जागा हवी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या सकाळी हात सोलवटले होते, घाई होती, मी रोजच्यासारखा आवळून टाकला. घरी बाबांनी विचारलं, "ढील दिलीस ना?"

मी फणकारले, "दर वेळी काय विचारता? दिली."

दुपारी खिडकीतून दिसलं. पाणी धक्क्यावर चढलेलं आणि दोरानं होडीचं नाक खाली ओढून धरलेलं. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं रे. कोयता उचलला आणि गेले. मी दारापर्यंत धावले, पुढे पाय टाकला नाही. जिवाला भ्याले.

काल होडी वर काढली. दोर अर्धा कापलेला आहे.

चाळीस वर्षं बाबांनी आपल्या कामाकडे कुणाला बोट दाखवू दिलं नाही. उद्या सकाळी शाळेत सगळ्यांसमोर सांगणार आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत सांगून झालेलं असेल, आणि आई माझं तोंडही बघणार नाही. मग तिला भरवणार कोण? तुझं भांडण बाबांशी होतं, तिच्याशी नव्हतं. माझ्यासाठी येऊ नकोस, पण ये.

तुझीच, अजून म्हणवत असेल तर,
धाकटी